नववीच्या वर्गासाठी व्हॉट्सॲप आणि टेलिग्राम : जूनपासूनच्या वापरानंतर

हे लिहिलंय ते नाशिकमधल्या मराठी माध्यमाच्या वर्गांसाठी. मुलं सातपूर-अंबडच्या कामगार वस्तीतली आणि भोवतालच्या द्राक्षपट्ट्यातली. बहुतेक घरांत स्मार्टफोन एकच, तोही वडिलांच्या खिशात. सेकंड शिफ्ट असली की तो मध्यरात्रीच घरी येतो. ऑक्टोबर छाटणीला आणि पुढे जानेवारी ते मार्च काढणी सुरू असताना दिवसभर मळ्यात असतो. त्यामुळे ‘आज रात्री नऊपर्यंत पाठवा’ हा गृहपाठ निम्म्या वर्गाला दिलेलाच नसतो. दोन दिवसांची मुदत आणि त्यात एखादी सुट्टी धरली की उत्तरं येतात.

नोट्स आणि पीडीएफ साठवायला ग्रुपचा उपयोग शून्य. फाइली उघडल्या जात नाहीत, फोनची मेमरी तेवढी भरते. पाठ्यपुस्तकातला क्यूआर कोड स्कॅन केला की दीक्षा या सरकारी शैक्षणिक ॲपवर धड्याचं साहित्य मिळतंच. ग्रुपची खरी ताकद वेगळी आहे : धडा शिकवायच्या आधीच मुलांच्या अवतीभवतीची माहिती वर्गात गोळा होते.

सांख्यिकीचं उदाहरण घ्या. लासलगावचे कांद्याचे भाव रोज कुणा ना कुणाच्या घरी येतातच. पाच-पाच मुलांचे गट करा, प्रत्येक गटाला एकेक वार वाटून द्या. मेसेजचा साचा ठरलेला हवा : तारीख, बाजार समिती, किमान, कमाल, सरासरी, सगळे रुपये प्रति क्विंटल. साचा दिला नाही तर कुणी किलोचा भाव टाकतं, कुणी पिंपळगावचा, आणि तक्ताच जुळत नाही. दोन-तीन आठवड्यांचे आकडे जमले की मध्य, मध्यक आणि बहुलक त्यांवरच काढायला लावा. पुस्तकातल्या सरावसंचापेक्षा मुलं इथे जास्त भांडतात, विशेषतः एका दिवसाच्या चढ्या भावाने मध्य किती सरकला आणि मध्यक का हलला नाही यावर. हा वाद वर्गात होऊ द्यावा, ग्रुपवर नाही.

इथेच एक अडचण हमखास येते. जुन्या भावाचा स्क्रीनशॉट नव्या तारखेचा म्हणून फिरत येतो. मेसेजवर दुहेरी बाण दिसला तर तो पाच किंवा जास्त हात फिरून आलाय, हे मुलांना दाखवून द्या. असा आकडा दुसऱ्या गटाने पडताळल्याशिवाय तक्त्यात घ्यायचा नाही, हा नियम पाळला की खात्री करायची सवय आपोआप लागते. आमच्या मते या सगळ्या खटाटोपातला सर्वांत मोलाचा भाग हाच.

भूगोलासाठी पावसाळा हातचा जाऊ देऊ नका. गोदावरीच्या पुरात, पात्राजवळच्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीच्या कमरेला पाणी लागलं की छातीला, हे नाशिककर एकमेकांना विचारतातच. गंगापूर धरणातून सोडलेला विसर्ग आणि होळकर पुलाखालून जाणारा प्रवाह, दोन्ही क्युसेकमध्ये (सेकंदाला किती घनफूट पाणी) जाहीर होतात. मुलांनी दोन्ही आकडे वेळेसकट टाकायचे. दोहोंतला फरक का पडतो, हा प्रश्न. धरणाखालच्या पट्ट्यात पडलेला पाऊस आणि नाल्यांचं पाणी मध्येच नदीला मिळतं, हे त्यातून उलगडतं. फोटोसाठी मात्र एकाही मुलाने रामकुंडावर जायचं नाही. हे प्रश्नाच्या पहिल्याच ओळीत लिहा आणि घाटावरचा फोटो आलाच तर तो स्वीकारू नका.

चाचणीसाठी व्हॉट्सॲपचा पोल नको. कुणी काय निवडलं ते सगळ्यांना दिसतं, म्हणून हुशार मुलाचं मत पडलं की बाकीचे त्यामागे जातात. टेलिग्राम चॅनेलवरचा क्विझ निनावी असतो, उत्तर दिल्याबरोबर बरोबर-चूक कळतं आणि खाली छोटं स्पष्टीकरण जोडता येतं. चुकीचे पर्याय मुलांच्या नेहमीच्या चुकांवरून बनवा. चार पर्यायांपैकी एक जरी उगाच घातलेला असला तरी ‘इतक्या जणांनी ब निवडलं’ यावरून काहीच कळत नाही.

वहीचा फोटो मागवायचा तर निळं किंवा काळं पेन हवं, पेन्सिल उमटत नाही. वही खिडकीपाशी सपाट ठेवायची, फोन बरोबर वरून धरायचा, म्हणजे स्वतःची सावली पानावर पडत नाही. फोटो डॉक्युमेंट म्हणून पाठवला तर दाबला जात नाही आणि घातांक वाचता येतात. पानाच्या कोपऱ्यात हजेरी क्रमांक असलाच पाहिजे, कारण नंबर वडिलांच्या नावाने सेव्ह असतो. तपासणी मात्र रोज पाच-सहा वह्यांचीच करा. सगळ्या वर्गाचे फोटो एकदम मागवले की दोन आठवड्यांत शिक्षक थकतात आणि उपक्रम बंद पडतो.

इंग्रजी वाचन आणि कवितांसाठी व्हॉइस मेसेज उत्तम. मिनिटभराच्या आवाजाला एक मेगाबाइटही लागत नाही, त्यामुळे पेठ-सुरगाण्याकडे गावी गेलेलं मूलही रेंज मिळेल तेव्हा पाठवू शकतं. वर्गात तोंड न उघडणारी मुलं इथे बोलतात. असे मेसेज शिक्षकांना वैयक्तिक येऊ द्या, पण ते पालकांच्या फोनवरूनच.

नंबरांचा प्रश्न सर्वांत गंभीर. साध्या ग्रुपमध्ये प्रत्येकाचा नंबर सगळ्यांना दिसतो, आणि मुलींच्या बाबतीत हे चालवून घेता कामा नये. सूचनांसाठी व्हॉट्सॲप कम्युनिटीचा घोषणा-ग्रुप वापरा, तिथे सदस्यांना एकमेकांचे नंबर दिसत नाहीत. चर्चेच्या ग्रुपमध्ये फक्त पालकांचेच नंबर घ्या, तेही लेखी संमतीने. २०२३च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात १८ वर्षांखालचं प्रत्येक जण बालक आहे. टेलिग्रामवर चॅनेल खाजगीच ठेवा. प्रत्येक फोनवर गोपनीयतेच्या सेटिंगमध्ये नंबर कुणालाच दिसू नये असं करा आणि ग्रुपमध्ये घेण्याची मुभा फक्त ओळखीच्यांना द्या. हे पालकसभेत, फोन हातात घेऊन करावं लागतं, लिहून पाठवलेल्या सूचना कुणी पाळत नाही.

चर्चेचा ग्रुप संध्याकाळी सात ते साडेआठ एवढाच उघडा ठेवा, एरवी ‘फक्त ॲडमिन’. ॲडमिन दोन असावेत, त्यांतल्या एक बाई असाव्यात. एप्रिलअखेर तक्ते उतरवून घ्या, सगळ्यांना काढून ग्रुप बंद करा आणि जूनमध्ये नव्या वर्गासाठी नवा ग्रुप व नवी संमतीपत्रं करा. जुनाच पुढे चालवला तर शाळा सोडून गेलेल्यांचे नंबर त्यात तसेच राहतात.