बिलात नवा, गाडीत जुना: स्पीड सेन्सरच्या दुरुस्तीत झालेली फसवणूक

पैसे घ्यायचे आणि सुटा भाग बदलायचाच नाही, ही लबाडी जुनीच आहे. गाडीचा वेग मोजून स्पीडोमीटरला संकेत देणाऱ्या सेन्सरच्या बाबतीत मात्र ती विशेष सोपी पडते, कारण हा बिघाड बहुधा अधूनमधून डोके वर काढणारा असतो आणि गाडी ताब्यात घेताना मारलेल्या छोट्या फेरीत तो दिसतच नाही.

माझी गाडी दोन आसनांची, मॅन्युअल गिअरची आणि मागच्या चाकांवर चालणारी स्पोर्ट्स कार आहे. बराच वेळ चालून ती तापली की स्पीडोमीटरचा काटा एकाएकी शून्यावर येई, ओडोमीटर थांबे, ठरवलेला वेग आपोआप राखणारा क्रूझ कंट्रोल सुटे आणि थोड्या वेळाने सारे आपोआप पूर्ववत होई. गॅरेजमध्ये गाडीच्या संगणकातले दोष वाचणारा स्कॅनर लावल्यावर पी०५०० हा कोड मिळाला. वेगाचा संकेत इंजिनाच्या संगणकाला नीट मिळत नाही, एवढेच हा कोड सांगतो. दोष सेन्सरमध्ये आहे, वायरमध्ये आहे की कनेक्टरमध्ये, हे त्यावरून कळत नाही. गॅरेजमालकाने मात्र पुढची कोणतीही तपासणी न करता सांगितले की सेन्सर जळला आहे, तो गिअरबॉक्सवर असल्यामुळे गिअरबॉक्स खाली उतरवावा लागेल आणि त्याच वेळी डॅशबोर्डवरचा संपूर्ण मीटरही बदललेला बरा.

मीटर बदलण्यास मी नकार दिला. अनेक गाड्यांत ओडोमीटरची नोंद मीटरमध्येच साठवलेली असते आणि दुसऱ्या गाडीतून काढलेला मीटर बसवला की तिचे किलोमीटर आपल्या गाडीच्या माथी येतात. पुढे गाडी विकताना त्याचा खुलासा करणे अवघड होते. शिवाय काटा शून्यावर असताना स्कॅनरवर वेग बरोबर दिसत असेल, तरच मीटरवर किंवा त्याच्याकडे जाणाऱ्या वायरवर पहिला संशय घ्यावा. दोन्हीकडे शून्य असेल, तर शोध सेन्सरच्या बाजूने सुरू करावा. (काही गाड्यांत संकेत आधी मीटरकडे आणि तिथून इंजिनाच्या संगणकाकडे जातो, म्हणून वायरिंगचा नकाशा पाहिल्याशिवाय हा तर्क ताणू नये.) माझ्या गाडीत सेन्सरचा संकेत दोन्हीकडे स्वतंत्रपणे जातो, आणि दोन्हीकडे शून्यच दिसत होते.

सेन्सरच्या कामाला होकार देऊन गाडी परत घेतली, तेव्हा बिलात नवा सेन्सर, गिअरबॉक्स उतरवून चढवण्याची मजुरी आणि गिअर ऑइल अशा नोंदी होत्या. काटा चालत होता आणि इंजिनाचा दिवाही विझलेला होता. हा दिवा स्कॅनरने कोड पुसला तरी विझतो, आणि बऱ्याच गाड्यांत तोच दोष पुन्हा एकाहून अधिक फेऱ्यांत नोंदला जाईपर्यंत तो पेटत नाही. गाडी थंड असताना तर माझा जुना सेन्सरही बिनतक्रार काम करत होता. त्यामुळे पहिल्याच लांबच्या प्रवासात काटा पुन्हा शून्यावर आला, तेव्हा मी त्या गॅरेजकडे न जाता वाहनांच्या वायरिंगचे काम करणाऱ्या दुसऱ्या कारागिराकडे गेलो.

त्याने गाडी उचलून आधी गिअरबॉक्सचे बोल्ट पाहिले. बोल्टच्या डोक्यांवर आणि भोवतीच्या धातूवर धूळ आणि तेल यांचा एकच सलग, वाळलेला थर होता. गिअरबॉक्सची शक्ती मागच्या चाकांकडे नेणाऱ्या प्रोपेलर शाफ्टच्या बोल्टवरही पाना लागल्याची खूण नव्हती. मागच्या चाकांवर चालणाऱ्या अशा गाडीत हा शाफ्ट सोडवल्याशिवाय गिअरबॉक्स खाली येत नाही. सेन्सर तर गिअरबॉक्सच्या बाजूला एकाच छोट्या बोल्टने बसवलेला होता आणि त्याच्यापर्यंत खालून सहज हात पोहोचत होता. तो बाहेर काढल्यावर त्याची ओ-रिंग (तेल गळू नये म्हणून बसवलेली रबरी कडी) चपटी आणि कडक झालेली दिसली, कनेक्टरजवळचे प्लॅस्टिक उन्हापावसाने नव्हे तर वर्षानुवर्षांच्या उष्णतेने पिवळे पडलेले होते आणि त्याच्यावरचा भाग क्रमांक बिलातल्या क्रमांकाशी जुळत नव्हता.

यानंतर त्याने केलेली तपासणी पहिल्याच गॅरेजमध्ये व्हायला हवी होती. सेन्सर हॉल प्रकारचा, म्हणजे चुंबकीय क्षेत्रातला बदल ओळखून संकेत देणारा, तीन वायरींचा होता: एक वीजपुरवठ्याची, एक अर्थची आणि एक संकेताची. पुरवठा आणि अर्थ मल्टिमीटरवर ठीक निघाले. मग गिअर न्यूट्रलमध्ये ठेवून, पुढच्या चाकांना अडण्या लावून मागचे एकच चाक उचलले आणि हाताने फिरवले. दोन्ही चाके उचलली तर साध्या डिफरेन्शिअलमध्ये (दोन्ही चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणाऱ्या गिअरसंचात) दुसरे चाक उलटे फिरते आणि शाफ्ट जागचा हलत नाही. संकेताच्या वायरवर व्होल्टेज शून्य आणि पाच यांच्यामध्ये नियमित उड्या घेत होते. हेअर ड्रायरने सेन्सर तापवल्यावर त्या उड्या बंद पडल्या आणि तो निवल्यावर पुन्हा सुरू झाल्या. दोन वायरींच्या चुंबकीय सेन्सरला असा पुरवठा लागत नाही. त्याचा रोध मोजतात आणि चाक फिरवताना निर्माण होणारे एसी व्होल्टेज पाहतात. इथे सेन्सरच दोषी होता, म्हणजे निदान बरोबर होते, फक्त पैसे घेऊन तो बदललेला नव्हता.

नवा सेन्सर आणि नवी ओ-रिंग बसवल्यानंतर गाडी पूर्ण तापेपर्यंत चालवली आणि स्कॅनरवरचा वेग जीपीएसशी ताडून पाहिला. काटा एकदाही पडला नाही. जुना सेन्सर, बोल्टची छायाचित्रे आणि बिल घेऊन मी पहिल्या गॅरेजमध्ये गेलो, तेव्हा मालकाने आधी ‘कामगाराने भागांची अदलाबदल केली असेल’ असे सांगितले. मात्र गाडीतून काढलेला भाग कुठे आहे, या प्रश्नाला त्याच्याकडे उत्तर नव्हते. छायाचित्रांपुढे गिअरबॉक्सच्या मजुरीचा बचाव करता येईना, म्हणून ती रक्कम त्याने परत केली. सेन्सरची किंमत देण्यास तो अजून तयार नाही आणि त्यासाठी मी लेखी तक्रार दिली आहे.