पेट्रोल गळणारा ग्रासकटर आणि जामनेर रोडचे मिस्तरी (भुसावळ)

आमच्या लग्नाच्या लॉनवर बसून चालवायचा ग्रासकटर आहे. नुसता उभा असला तरी खाली पेट्रोलचा डाग पडायला लागला. एका मोठ्या गॅरेजने मशीन न उघडताच ‘कार्बोरेटर नवीन टाका’ म्हणून सांगितलं. मग जामनेर रोडवरच्या या छोट्या दुकानात नेला. बोर्डही नाही, पण काम बघण्यासारखं आहे.

मिस्तरींनी आधी बॅटरीची निगेटिव्ह वायर काढली आणि बिडी ओढत आलेल्या गिऱ्हाइकाला रस्त्यापलीकडे पाठवलं. मग ऑइलची पट्टी काढून वास घेतला. ऑइल खुणेच्या वर चढलेलं आणि वास पेट्रोलचा! “आता स्टार्टर मारू नका भाऊ,” म्हणाले. कार्बोरेटर ओव्हरफ्लो झाला की पेट्रोल सिलिंडरमधून खाली ऑइलमध्ये उतरतं, ऑइल पातळ होतं. तसंच चालवत राहिलं तर इंजिनच बसतं.

पाईप, कॉक, कार्बोरेटरची वाटी, सगळं कोरडं पुसून त्यांनी कॉक उघडला आणि घाई न करता बघत बसले. पहिला थेंब एअर फिल्टरच्या बाजूने आला. पाईप किंवा वाटीची रिंग गळत असती तर ओल तिथेच दिसली असती. म्हणजे वाटी भरली की पेट्रोल अडवणारी नीडल नीट बसत नव्हती. वाटी खोलून त्यांनी फ्लोट (पेट्रोलवर तरंगून नीडल वर-खाली करणारा पोकळ भाग) कानाजवळ हलवला, आत पेट्रोल शिरलेलं नव्हतं. नीडलच्या टोकाला मात्र गोल खाच पडलेली, नखाला लागेल अशी. माझ्या हातावर ठेवून दाखवली.

नीडल, वाटीची रिंग, फिल्टर आणि ऑइल बदललं. पाईपही बदलला, कारण वाकवल्यावर त्याला भेगा दिसल्या. आपल्याकडच्या उन्हात पत्र्याच्या शेडखाली रबर टिकत नाही. टाकीही काठोकाठ भरू नका म्हणाले. महिनाभर मशीन उभं राहणार असेल तर कॉक बंद करून, कार्बोरेटर रिकामा होऊन इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालवायचं, कारण हल्लीच्या पेट्रोलमधलं इथेनॉल ओलावा ओढून घेतं.

मजुरी अगदी वाजवी. सुटे भाग जळगावहून मागवतात, त्यामुळे मशीन ठेवून यावं लागतं, आणि फोन क्वचितच उचलतात. लग्नसराईच्या आधीच नेलेलं बरं.