‘दगडी चाळ’ बघायचा की ‘डॅडी’?

दोन्ही चित्रपट मुंबईचा डॉन अरुण गवळी, म्हणजेच ‘डॅडी’, याच्या सावलीतले. 2015 चा मराठी ‘दगडी चाळ’ आणि 2017 चा हिंदी ‘डॅडी’. आमच्या घरात यावरून अजून दोन तट आहेत.

आई ‘दगडी चाळ’वाली. तिचं म्हणणं, गोष्ट सरळ उलगडते. अंकुश चौधरीचा सूर्या साधा, आपल्यातला पोरगा. टोळीत अडकत जातो आणि आपण त्याच्यासाठी जीव मुठीत धरून बसतो. मकरंद देशपांडेंचा डॅडी तर आवाजही चढवत नाही, तरी धाक बसतो. गाणीही गाजली. पण खरं सांगायचं तर यात डॅडीला देव्हाऱ्यात बसवलंय, हे मला खटकतं.

‘डॅडी’ तसं करत नाही. दिग्दर्शक अशिम अहलुवालियांनी मुंबईतल्या गिरणी कामगारांचं गिरणगाव उभं केलंय: पोपडे उडालेल्या भिंती, कोंदट खोल्या, बेकार पोरांचे अड्डे. बाबू रेशीम, रमा नाईक आणि गवळी यांची टोळी याच मातीतून उगवली, हे न सांगता कळतं. गवळी झालेला अर्जुन रामपाल ओळखू येत नाही, इतका बदललाय. इन्स्पेक्टर झालेले निशिकांत कामतही लक्षात राहतात. तक्रार एकच, आणि ती रास्त आहे: जो तो उठून आठवणी सांगतो आणि काळ मागेपुढे उड्या मारतो. भाऊ मध्यंतरात म्हणाला, “आत्ता कोण मेला?” फरहान अख्तरचा डॉन मकसूदही गॉगलपलीकडे फारसा जात नाही.

चारचौघांत बसून बघायचा असेल तर आईचा. रात्री एकट्याने बघायचा असेल तर ‘डॅडी’.