दारूखान्यातलं जहाजी भंगाराचं दुकान: माल अस्सल, पण लोहचुंबक सोबत ठेवा

बाथरूमच्या दाराला पोर्टहोल, म्हणजे जहाजाची गोल काचेची खिडकी, लावायचं खूळ बायकोच्या डोक्यात एका रीलमुळे शिरलं, आणि ऑनलाइन जे चकाचक मिळतं ते बहुतेक नवीनच बनवलेलं असतं असं ऐकून होतो, म्हणून दोन शनिवार मुंबईच्या दारूखान्यात घालवले. हार्बर लोकलने रे रोडला उतरायचं आणि ट्रक, चेन, कापलेले पत्रे यातून वाट काढत बंदराकडे चालत सुटायचं. दारूखाना म्हणजे बंदुकीची दारू बरं का, आमच्या सोसायटीत अजून दोघं-तिघं भलत्याच समजात आहेत. चप्पल घालून जाऊ नका, जमिनीवर लोखंडाचे तुकडे पडलेले असतात.

दुकानाचं नाव मुद्दाम टाकत नाहीये, का ते पुढे कळेल. पत्र्याची शेड, आत जहाजातलं जे जे निघतं ते सगळं. पितळी दिवे, कंपास, कप्पीचे ठोकळे, लाइफबोटीची वल्ही, केबिनमधल्या खुर्च्या, एका कोपऱ्यात स्टीलच्या ताटांची चळत. २०१४ला जुनी आयएनएस विक्रांत इथेच दारूखान्यात तोडली ना, त्यामुळे आता गल्लीत प्रत्येकाकडे विक्रांतचं काहीतरी आहेच. मला तीन दुकानांत तीन घंटा दाखवल्या, तिन्ही विक्रांतच्या! विक्रांतचं थोडं लोखंड बजाजच्या व्ही बाइकमध्ये गेलं हे तरी जाहीर आहे, घंटेचं मात्र काय खरं नाय.

या दुकानातले चाचा मूळ दापोलीचे, मराठी आपल्यापेक्षा चांगली बोलतात, आणि मुख्य म्हणजे खोटं बोलत नाहीत. मी उचललेलं पहिलंच पोर्टहोल त्यांनी हातातून काढून घेतलं, "पोरा, हे नको नेऊ, हे मुरादाबादला नवीन बनवलेलं आहे, शोसाठी ठेवलंय." मग चुंबक लावून दाखवला, चिकटला, म्हणजे आत लोखंड आणि वर पितळेचा मुलामा. खरं होतं ते काळपट, हिरवं पडलेलं, काचेच्या कडेला चार-पाच थर रंग, आणि मागच्या लोखंडी रिंगवर गॅस कटरने कापल्याची वाकडीतिकडी वितळलेली कड. ती कड बघा, तीच खरी पावती. ११ किलो भरलं, ९०० रुपये किलोने ९,९००, घासाघीस करून ९,५०० दिले. घरी कोरडा सँडपेपर मारू नका, जुन्या जहाजी रंगात शिसं असू शकतं, मी रिमूव्हर लावून ओलंच खरवडलं.

हे पोर्टहोल कुठलं विचारलं तर बोलले खाडीत कितीतरी वर्षं चिखलात रुतलेल्या बार्जचं, म्हणजे माल वाहायच्या सपाट बोटीचं. मी बोललो, एवढी वर्षं कुणी उचलली कशी नाही? तर चाचांनी चहा मागवला आणि हिशेबच मांडला. मोठं जहाज स्वतःच्या इंजिनवर किंवा टगने ओढून तोडायला येतं, मालक असतो, कागद असतात, हजारो टन लोखंड असतं, त्यात सगळा खर्च निघून नफा सुटतो. सोडून दिलेल्या जहाजाचा मालक फोन उचलत नाही, खलाशांचे पगार थकलेले, कोर्टाची जप्ती, लिलाव होईपर्यंत पाण्याने पत्रा खाल्लेला. छोट्या बार्जला तर आधी आतलं तेलकट पाणी उपसा, भोकं बुजवा, मग भरतीला ओढा, यातच लोखंडापेक्षा जास्त पैसे जातात. मग पडून राहते आणि तेल चिखलात झिरपत बसतं, तिकडे शिवडीला फ्लेमिंगो त्याच खाडीच्या चिखलात चरतात.

आपण मुंबईकर हे विसरतो, पण ओमानजवळ खलाशांनी सोडलेला पवित नावाचा टँकर जवळपास महिनाभर एकटाच वाहत येऊन ३१ जुलै २०११ला थेट जुहूच्या वाळूत घुसला होता, मी भर पावसात बघायला गेलतो. तिकडे ब्राझीलला रिओच्या ग्वानाबारा खाडीत तर साओ लुइझ नावाचं जहाज २०१६पासून नुसतं नांगरून पडलेलं, नोव्हेंबर २०२२च्या वादळात सुटलं आणि रिओ-नितेरोई पुलावर जाऊन आपटलं. म्हणजे अटल सेतूवर आपण गाडीत बसलोय आणि खालून भंगार येऊन धडकतंय, विचार करा.

आता तक्रार. दुसऱ्या शनिवारी टेबलासाठी केबिनचं एक पॅनेल घेतलं, तेव्हा चाचा नमाजला गेलेले, पोऱ्याने दिलं. कडेला पांढरट तंतू सुटलेले होते. मेहुणा केमिकल कंपनीत सेफ्टीला आहे, त्याला फोटो पाठवला तर थेट फोन आला, हात लावू नको, अॅस्बेस्टॉस असेल, जुन्या जहाजात केबिनच्या भिंतीत, पाइपांवर सर्रास असायचं, त्याची धूळ फुप्फुसात गेली की वीस-तीस वर्षांनीही कॅन्सर होऊ शकतो. प्लास्टिकमध्ये गुंडाळून टेम्पोने परत नेलं. चाचांनी घेतलं, पण ५०० कापून, आणि माझ्यासमोर तेच पॅनेल कापायला तो पोऱ्या ग्राइंडर घेऊन आला, तोंडाला रुमालसुद्धा नाही. मी ओरडलो तर हसला, बोलला रोजचंच आहे. चाचा काहीच बोलले नाहीत, फक्त ग्राइंडरची पिन काढली.

पाचपैकी साडेतीन. पितळ, सागवान, दिवे बिनधास्त घ्या, पॅनेल, पाइपवरचं वेष्टण, जुन्या केबल अजिबात नको. कार्ड चालत नाही, यूपीआय चालतं. पोर्टहोल बसलंय दाराला, फक्त आतून पडदा लावावा लागला, ते रीलमध्ये कुणी सांगितलं नव्हतं.