ओएलईडीचा टेबल-दिवा : काही महिने वापरल्यानंतर

मी वनस्पतींची चित्रं काढते आणि बरंचसं काम अंधार पडल्यावरच होतं. पेन्सिलीचं टोक कागदाला टेकतं तिथे साध्या एलईडी दिव्याखाली काळी, धारदार सावली पडते. दिव्यात एलईडीचे पाच-सहा ठिपके असले तर सावल्याही पाच-सहा. पानाची शीर नेमकी कुठे संपवली, हे त्या जाळ्यातून शोधत बसावं लागतं. ओएलईडीखाली, म्हणजे सेंद्रिय (कार्बनयुक्त) रेणूंच्या एलईडीखाली, ही सावली जवळजवळ विरून जाते, टोकाशी फिकट करडी छटा तेवढी राहते. रोज तासन् तास वापरल्यावर या दिव्याचा सगळ्यात मोठा गुण मला हाच वाटतो.

कारण सरळ आहे. इथे उजेड एका बिंदूतून येत नाही, अख्ख्या पृष्ठभागातून येतो. दोन इलेक्ट्रोडच्या मध्ये सेंद्रिय रेणूंचे थर असतात, सगळे मिळून एका मायक्रॉनपेक्षाही पातळ, आणि वीज वाहिली की ते थर स्वतःच उजळतात. उघड्या एलईडीची तेजस्विता दर चौरस मीटरला लाखो कॅन्डेलांच्या (प्रकाशाच्या तीव्रतेचं एकक) घरात जाते, म्हणून तिच्यावर काच, डिफ्यूजर, शेड असं काही ना काही घालावं लागतं. माझ्या दिव्यातली चपटी, उजळणारी पॅनेलं याच मापाने ३००० कॅन्डेलांच्या आसपास चालतात. मान वर करून थेट पाहिलं तरी डोळे दिपत नाहीत.

रंगांबद्दलही समाधानी आहे. स्वस्त पांढऱ्या एलईडीत ४५० नॅनोमीटर तरंगलांबीजवळ निळ्याचा उंच सुळका असतो आणि गडद लाल कमी पडतो, त्यामुळे अलिझरिन क्रिमसन हा गडद लाल रंग मेलेला दिसतो. सेंद्रिय रेणूंचा वर्णपट पसरट असतो. इथे क्रिमसन जिवंत दिसतो, सॅप ग्रीन आणि ऑलिव्ह ग्रीन वेगळे कळतात. शेवटचा हात मात्र मी अजूनही दिवसाच्या उजेडातच फिरवते. पॅनेल अगदी तिरक्या कोनातून पाहिलं तर पांढऱ्यात किंचित पिवळसर झाक दिसते, पण कागदावर तिचा त्रास होत नाही. मंद केल्यावर मोबाइलच्या कॅमेऱ्यात पट्टे येत नाहीत, म्हणजे उजेड लुकलुकत नाही. पॅनेल कोमट होतं, तापत नाही.

आता उणी बाजू. खोली उजळायला हा दिवा पुरत नाही. १० सेंटिमीटर चौरस पॅनेलमधून ३००० कॅन्डेलाला साधारण ९५ लुमेन (एकूण उजेडाचं एकक) मिळतात. माझ्या दिव्यात अशी तीन आहेत. घरातला ९ वॅटचा एलईडी बल्ब सहज ८०० लुमेन देतो. टेबलासाठी उत्तम, छतासाठी नाही, असं माझं स्पष्ट मत आहे.

हे असं का, याचं अर्धं उत्तर बंद दिव्यावरच दिसतं. पॅनेलचा पुढचा भाग दुधाळ, धुरकट आहे, कारण त्यावर प्रकाश बाहेर काढणारी फिल्म आहे. ती नसती तर आत तयार झालेल्या प्रकाशापैकी जेमतेम पाचवा भाग बाहेर पडला असता. बाकीचा काचेत आणि थरांमध्ये आतल्या आत परावर्तित होत अडकतो, नाहीतर मागच्या धातूत जिरतो. १९८७ मध्ये कोडॅक कंपनीच्या टँग आणि व्हॅन स्लाइक यांनी दाखवलेलं उपकरण वॅटमागे सुमारे दीड लुमेन देत होतं. २००९ मध्ये जर्मनीतल्या ड्रेस्डेनच्या संशोधक गटाने पांढऱ्या ओएलईडीत ९० पर्यंत मजल मारली, तीही जास्त अपवर्तनांकाची, म्हणजे प्रकाश जास्त वाकवणारी, काच वापरून अडकलेला प्रकाश सोडवल्यामुळे. बाजारातले एलईडी आज १०० च्या सहज पुढे आहेत, हेही मान्य करायला हवं.

उरलेलं अर्धं उत्तर निळ्या रंगात आहे. विजेमुळे रेणू उत्तेजित होतात तेव्हा चारांतला साधारण एकच थेट चमकण्याच्या अवस्थेत जातो. उरलेल्या तिघांची ऊर्जा साध्या प्रतिदीप्त (फ्लुओरेसंट) रेणूंत उष्णता होऊन वाया जाते. १९९८ मध्ये फॉरेस्ट आणि थॉम्पसन या अमेरिकी संशोधकांच्या गटांनी प्लॅटिनमसारखा जड धातू असलेले रेणू वापरून तीही ऊर्जा प्रकाशात आणली. पुढे इरिडियममुळे लाल आणि हिरवा उत्तम जमले. निळ्या फोटॉनची ऊर्जा मात्र इतकी जास्त असते की रेणूचे बंधच तुटत जातात. म्हणून प्रकाशयोजनेच्या पॅनेलमध्ये निळ्यासाठी प्रामुख्याने जुने, टिकाऊ पण उधळे प्रतिदीप्त रेणूच वापरले गेले. २०१२ मध्ये जपानच्या क्युशू विद्यापीठातल्या अदाची यांच्या गटाने जड धातूशिवायही ही ऊर्जा वापरता येते हे दाखवलं, तेव्हापासून माझी सगळी आशा त्या वाटेवर आहे. मोठमोठ्या कंपन्यांनी ओएलईडी दिव्यांतून अंग काढून घेतलं, याचं म्हणूनच फार वाईट वाटतं.

निळा थकला की पांढरा पिवळसर होत जातो. माझ्याकडे अजून तरी तसा फरक जाणवत नाही. काळे ठिपकेही नाहीत. हे ठिपके ओलाव्यामुळे पडतात. चौरस मीटरमागे दिवसाला ग्रॅमचा दहा लाखावा भाग, एवढीच वाफ आत जाऊ द्यायची असते, म्हणून पॅनेलच्या कडा मी ओल्या फडक्याने कधीच पुसत नाही.

घेणार असाल तर खोक्यावरचे तास पाहून थांबू नका. तेज ७० टक्क्यांवर येईपर्यंतचे ते तास किती कॅन्डेलाला मोजलेत, हे विक्रेत्याला विचारा. तेज दुप्पट केलं की आयुष्य निम्म्याहूनही खाली येतं, आणि १००० कॅन्डेलाला मोजलेला आकडा ३००० वर चालणाऱ्या दिव्याच्या काही कामाचा नाही.