नाणी बघायचं भिंग: काच चांगली, दिवे कुचकामी

डबीवर 40 पट छापलंय, ते विसरा. नाणं स्पष्ट दिसतं तेव्हा ते काचेपासून इंचभर लांब असतं, म्हणजे भिंग दहापटीचंच आहे. खरंच 40 पट असतं, तर नाणं काचेला जवळजवळ चिकटवावं लागलं असतं. जुन्या नाण्यांना दहापट भरपूर झालं. काच स्वच्छ आहे, फक्त कडेला थोडं धूसर दिसतं.

वैताग आहे तो आतल्या पांढऱ्या दिव्यांचा. ते सरळ वरून झोत टाकतात आणि सगळा उंचसखलपणा सपाट करून टाकतात. आणि नाण्याचं नक्की काय झालंय, ते तर त्या उंचसखलपणावरूनच कळतं! मी दिवे बंद ठेवते, मोबाईलची टॉर्च टेबलावर आडवी लावते. रेषेची टॉर्चकडची कड काळी दिसली तर रेष खोल, पलीकडची काळी दिसली तर उठलेली. खोल रेष आणि शेजारी सरकून आलेला धातू म्हणजे वापरातला ओरखडा. उठलेली रेष बहुधा टाकसाळीतल्या ठशाला (ज्याने नाणं छापतात त्याला) तडा गेल्याची; त्या फटीत धातू शिरतो. विकणारे दोन्हींना ‘एरर’, म्हणजे टाकसाळीची चूक, म्हणतात आणि दोन्हींचे जास्त पैसे मागतात.

सासऱ्यांच्या डब्यातला 1862 चा राणीछाप रुपया याखाली पाहिला. (तेच साल 1874 पर्यंत छापत होते, त्यामुळे त्याचं नेमकं वय विचारू नका.) राणीच्या गालावर टाचणीच्या डोक्याएवढं खोलगट फूल आहे. माझं माहेर सराफांचं, त्यामुळे हे लगेच ओळखलं: चांदी आतपर्यंत खरी आहे ना, हे बघायला सराफ असा ठसा मारत. वरच्या कडेला थोड्या जागेत कंगोरे बुजलेत, तिथे करडा थर आहे. कडी झाळून रुपया कुणाच्या तरी गळ्यात घातला होता, नंतर कडी काढली. नुसत्या डोळ्यांना एवढंच वाटतं की रुपया झिजलाय.

झिजेचं काम वजनकाट्याशिवाय पुरं होत नाही. हा रुपया कोरा असताना 11.66 ग्रॅम, माझा 11.41 भरला. गाल आणि मुकुटाचा उंच भाग गुळगुळीत, खाली अक्षरं धारदार: हातोहात फिरल्याची झीज. अक्षरांसकट सगळंच सारखं बोथट असतं आणि वजन बरंच उतरलेलं असतं, तर नाणं तेजाबात बुडवल्याचा संशय मी घेतला असता.

तांब्याच्या पाव आण्यांत देवघरातले लगेच कळतात. चिंचेने घासघासून गुलाबी झालेले, सगळ्या बारीक रेघा एकाच दिशेने, अक्षरांच्या खाचांत हळदकुंकू. हळदकुंकवाने काही बिघडत नाही, बिघडवते ती चिंच. हिरवा कळंक भुकटीसारखा सुटत असेल आणि खाली खड्डे असतील, तर नाणं ओलीत पडलं होतं. असं नाणं बाकीच्यांपासून वेगळं ठेवा. कडेजवळ भोक असेल तर मागची बाजू बघा. धातू तिकडे फुटून बाहेर आला असेल तर ते खिळ्याचं काम. 1943 पासूनच्या भोकाच्या पैशाची गोष्ट वेगळी, त्याला टाकसाळीनेच भोक दिलंय.

300 रुपयांच्या आत मिळतं. पाचपैकी साडेतीन. परत घेणाऱ्या दुकानातूनच घ्या. मैत्रिणीच्या भिंगाची काच चौकटीत हलत होती. दिव्यांचे सेल संपले तर नवे आणू नका.