तांब्याचं तामागोयाकी पॅन : बऱ्याच महिन्यांच्या वापरानंतर

तोक्योत राहणाऱ्या कोणी मराठी मंडळी हे पॅन (तामागोयाकी म्हणजे थरावर थर गुंडाळून केलेलं जपानी ऑमलेट) घ्यायच्या विचारात असाल तर आधी घरी गॅस आहे की आयएच, म्हणजे इंडक्शनची शेगडी, ते बघा, कारण साध्या आयएचवर तांबं तापतच नाही. माझ्याकडे गॅस आहे, म्हणून मी काप्पाबाशीतून घेतलं, उएनो आणि आसाकुसाच्या मधे भांड्यांच्या दुकानांचा रस्ता आहे ना, तिथून. बाहेरून तांबं, आतून कल्हई, लाकडी दांडा. आधीचं नॉनस्टिकही अजून वापरात आहे त्यामुळे दोन्हीतला फरक नीट माहितीये.

चौरस पॅन तोक्योकडचं, लांबट कान्साईचं, म्हणजे ओसाका-क्योतोकडचं. मी लांबट घेतलं कारण मला दाशीमाकी करायची होती, म्हणजे दाशी (सुके मासे आणि समुद्री शेवाळ यांचं पातळ जपानी सार) घातलेली तामागोयाकी. तोक्योकडची तामागोयाकी गोड, जरा घट्ट, वरून तांबूस. कान्साईची दाशीमाकी म्हणजे साखर नाही किंवा अगदी नावाला, दाशी भरपूर, रंग पिवळाच, आणि दाबली की रस सुटला पाहिजे. खरा कस इथेच लागतो.

३ अंड्यांना मी साधारण ८० मिली दाशी घालते, चिमूटभर मीठ आणि थोडा उसुकुची शोयू (सोया सॉसचा एक प्रकार), तो रंगाने फिका असतो म्हणून रंग बिघडत नाही. अंडी फेसायची नाहीत, चॉपस्टिक तळाला टेकवून पांढरं नुसतं तोडत जायचं आणि मग गाळून घ्यायचं. एवढं पातळ मिश्रण माझ्या नॉनस्टिकमधे मधे शिजतं आणि कडेला ओलं राहतं, गुंडाळताना फाटतं. तांब्यात उष्णता सगळीकडे सारखी पसरते, मिश्रण ओतलं की चर्र होऊन सगळा थर एकदमच धरतो, फुगे आले की फोडायचे आणि वरून ओलं असतानाच गुंडाळायचं, परत तेलाचा बोळा फिरवायचा, पुढचं ओतताना रोल उचलून त्याच्या खालीही जाऊ द्यायचं. आच मध्यमपेक्षा जरा मोठीच लागते, मंद आचेवर दाशी बाहेर येते आणि अंडं रबरासारखं होतं. जास्त तापतंय वाटलं तर गॅस कमी करत बसू नका, सरळ पॅन उचला, तांबं लगेच निवतं. माझ्या मते पैसे वसूल होतात ते ह्याच एका गोष्टीत.

मासे न खाणाऱ्यांनी कोंबू (समुद्री शेवाळ) आणि सुक्या शिताके मशरूमची दाशी करावी, रंग थोडा गडद येतो पण चव मस्त.

निगा मात्र घ्यावी लागते बाबा. कल्हई म्हणजे कथील, आणि ते २३२ अंश सेल्सिअसला वितळतं, म्हणजे आपल्या घरच्या कल्हईच्या पातेल्यांचाच नियम, रिकामं तापवायचं नाही आणि तारेच्या घासणीने घासायचं नाही. मी साबणही लावत नाही, गरम असतानाच कागदाने पुसून तेलाचा हात फिरवते. चिकटायला लागलं तर थोडं जास्त तेल घालून मंद आचेवर काही मिनिटं ठेवते, मग ते ओतून टाकते. वजन चांगलंच आहे, मनगट दुखत असेल तर दुकानात हातात धरून, तिरकं करून बघितल्याशिवाय घेऊ नका. बाहेरची चमक जाते, मला त्याचं काही वाटत नाही.

रोज सकाळी डब्यापुरती गोड तामागोयाकी करायची असेल तर नॉनस्टिकच घ्या, त्यात साखरेमुळे चिकटायची भीती कमी, जिवाला घोर नाही. दाशीमाकी मनापासून करायची असेल तर मात्र तांबंच, आणि घेतानाच विचारून ठेवा की कल्हई झिजल्यावर परत करून देतात का.